चकव्यानं घेतलेलं नाव

"तुझ्या वहिनीला सांग," दादा म्हणाला, "उजव्या बुटाची नाडी सुटलीय."

शर्यतीच्या रेघेवर वहिनी माझ्या डाव्या खांद्याला खेटून उभी होती, दादा उजव्या. दोघांच्या मधे फक्त मी होते, आणि मी काही फार जाड नव्हते.

"वहिनी, नाडी सुटलीय म्हणतो."

"तुझ्या दादाला सांग, नाडी माझी, बूट माझा. पडले तर तोंडही माझंच फुटेल."

"दादा, वहिनी म्हणते..."

"ऐकलं."

नागपंचमीपासून घरात हे असंच चाललं होतं. विश्रामदादा आणि सुगंधावहिनी यांचा अबोला, आणि त्या दोन काठांमधला साकव म्हणजे मी, त्या वर्षी बारावी झालेली चिमी. आमटीत मीठ कमी पडलं की निरोप माझ्यावरून जायचा, आंघोळीचं पाणी तापलं की माझ्यावरून यायचा. एकदा तर मध्यरात्री दादानं मला दाराआडून उठवलं. "चिमे, तुझ्या वहिनीला सांग, सगळं पांघरूण ओढू नको." मी म्हटलं, एवढं तरी तुमचं तुम्ही सांगा, आणि कुशीवर वळले.

कारण होतं शाळेचं. वहिनी घाटावरची, पाटणकडची. लग्नाआधी जिल्ह्याकडून धावलेली. आमच्याकडे आली आणि तिचे बूट माळ्यावर गेले. त्या श्रावणात तिला एका आश्रमशाळेच्या हेडसरांचा फोन आला, मुलींना खेळ शिकवायची जागा आहे, सोमवारपर्यंत हजर व्हा. शाळा लांब. आठवडाभर तिथंच राहायचं, शनिवारी घरी यायचं. वहिनी फोन ठेवून स्वयंपाकघरात आली ती चालत नव्हतीच, तिचे पाय जमिनीला विचारून पडत नव्हते. तिनं सांगितलं, आणि आईनं डाव खाली ठेवला.

"घरची सून आठवडाभर परगावी? वाडीला काय सांगू?"

दादाच्या तोंडात घास होता. तो तसाच ठेवून त्यानं आईला शब्द दिला, "नाय जाणार ती." वहिनीकडे न बघता. त्या क्षणापासून वहिनीनंही त्याच्याकडे बघणं सोडलं.

मग ही शर्यत आली. पुण्याचा एक क्लब दर श्रावणात वाघजाईच्या सड्यावर रात्रभराची दौड घ्यायचा. तिघातिघांच्या टीम. संध्याकाळी ह्या टोकाच्या देवळापासून निघायचं, सगळा सडा ओलांडून पलीकडच्या कोंडात, खालच्या वस्तीत, उतरायचं. वाटेत तंबू, आणि प्रत्येक तंबूवर तिघांनी एकत्र उभं राहून छातीवरचा नंबर दाखवायचा. एक जण मागं राहिला तर उरलेल्या दोघांनी त्याची वाट बघायची. गाववाल्यांना फी नव्हती, वर टी-शर्ट फुकट. दादा दरवर्षी धावायचा, ते मुख्यतः टी-शर्टासाठी.

वहिनीनं माझ्यावरून निरोप धाडला. "तुझ्या दादाला सांग, त्यांची टीम माझ्या टीमच्या आधी उतरली तर शाळेचं नाव पुन्हा काढणार नाही. माझी आधी उतरली तर सोमवारी माझी बॅग त्यांनी स्वतः गाडीला बांधायची."

दादानं आईकडे पाहिलं. आई खुदकन हसली. "हो म्हण की रे. बायका काय सड्यावर तुमच्या पुढं जातायत?"

"सांग तिला, कबूल," दादा म्हणाला.

वहिनीच्या टीमला दुसरी मी, आणि तिसरी गोदाआत्या. बाबांची थोरली बहीण. उभा जन्म डोक्यावर भाताचे भारे घेऊन तिनं हा सडा तुडवला होता. वय विचारलं की म्हणायची, "जात्याला विचार, त्यानं मोजलंय." तिला टी-शर्ट दिला तो तिनं नऊवारीच्या चोळीवरून चढवला आणि पदर खोचून तयार झाली. दादाच्या टीमला बारक्या भुवड, जो दारातून आत येताना घरात अंधार व्हायचा, आणि गजा रहाटे, जो कुणीही काहीही बोललं की शेवटचा शब्द परत म्हणायचा.

"ओ आत्या," बारक्या ओरडला, "रस्त्यात दमलात तर सांगा, खांद्यावर घेईन!"

"मेल्या, तू दमलास तर तुला कोण उचलेल ते आधी बघ. त्याला बैलगाडी लागेल."

"बैलगाडी," गजा म्हणाला.

शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो.

सडा म्हणजे उंचावर पसरलेला काळा कातळ. उन्हाळ्यात तो उघडाबोडका तापतो, पाय ठेववत नाही. पण श्रावणात तो कातळ असा काही हळवा होतो, की विचारू नका. जागोजाग पाणी साचतं, पाण्यावर शेवाळ, शेवाळावर बोटभर गवत, आणि गवतात सीतेची आसवं फुलतात, निळी, डोळ्यातून पडायच्या बेतात असल्यासारखी. दिसायला हे सगळं सपाट. पण कुठं पाय टणकन वाजतो आणि कुठं घोट्यापर्यंत आत जातो ते पाय टाकल्यावरच कळतं. खड्ड्यांमधून चिखल नुसता दबा धरून बसलेला असतो.

पहिल्या तंबूपर्यंत आम्ही पुरुषांच्या मागंच होतो. दुसऱ्या तंबूपर्यंतही. कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या दिल्या होत्या, त्यांच्या उजेडात पाऊस तिरका तिरका दिसायचा. वहिनी पुढं, आत्या मधे, मी मागं. आत्या धावत नव्हती, ती डोक्यावर भारा असल्यासारखी झपझप चालत होती आणि मला तिच्यामागं धावावं लागत होतं. पण बारक्याचा आवाज पुढून येतच राहिला. तो कसलासा विनोद सांगत होता आणि गजा त्याचा शेवट दोनदा.

मग धुकं उतरलं. एवढं दाट, की बॅटरीचा उजेड नाकापुढं भिंतीवर आपटल्यासारखा परत यायचा.

वहिनी थांबली. "आत्या, असंच चाललं तर गेली माझी शाळा."

तिनं हे अगदी हलक्या आवाजात म्हटलं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं. आणि मग तिच्या डोळ्यांत ते आलं, जे लग्नघरात वरमाईची चप्पल लपवताना यायचं.

"बत्त्या विझवा," ती म्हणाली.

"काय?"

"विझवा गो. बारक्याला लहानपणापासून चकव्याचं भ्या. त्याच्या आज्यानं भरवलंय. आज जरा त्याला चकवा दावू."

चकवा म्हणजे आमच्याकडे माळावर वाट चुकवणारं भूत. ते आवाज देतं, नादाला लावतं, आणि माणूस पहाटेपर्यंत एकाच जागी गोल गोल फिरतो. त्यावर उपायही आमच्याकडे ठरलेला. जागच्या जागी बसायचं, अंगातलं कापड उलटं करून घालायचं, आणि कोंबडा आरवेपर्यंत ते सुलटं करायचं नाही. आणि काळोखातून कुणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही. मेलं तरी नाही.

आम्ही बत्त्या विझवल्या. आत्यानं घसा खाकरला आणि जात्यावरच्या सुरात, एकदम बारीक, लांबवलेल्या आवाजात धरली,

"धुकं गं दाटलं, दुधावरली जशी साय,
वाट गेली वाहून, वाटसरा, जासी काय?"

पुढचा विनोद मधेच तुटला.

आत्या दहा पावलं डावीकडे सरकली.

"ये रे ये, बस जरा, कातळाचा केला पाट,
रातभर जेवू घालू, सकाळी दावू वाट!"

मला इतकं हसू आलं, की मी स्वतःचा दंड चावला. वहिनीनं हातातल्या बांगड्या एकदाच, फक्त एकदाच, किणकिणवल्या.

"विश्राम!" बारक्याचा आवाज आता लहान मुलाचा झाला होता. "विश्राम, चकवा हाय रे!"

"हाय रे," गजा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला ते मनापासून म्हणायचं होतं असं वाटलं.

नुसते बेडूक. मग दादाचा शांत, जाड आवाज आला. "खरंच की. बसा खाली. बसा बसा. शर्ट उलटे करा."

आमचा विजय झाला होता! आम्ही तोंडात पदर आणि ओढण्या कोंबून, त्यांना वळसा घालून, उजव्या अंगानं पुढं निघालो. बत्ती लावायची सोय नव्हती. वहिनी पुढं झेपावली, आणि तिचा पाय वाजलाच नाही. ना टणक, ना छप. मग एक मोठा, ओला घोट घेतल्यासारखा आवाज झाला.

"चिमे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज माझ्या कमरेच्या उंचीवरून आला.

बत्त्या लावल्या. ती मांड्यांपर्यंत चिखलात. आजूबाजूला निळी फुलं शहाण्यासारखी उभी. आम्ही दोघींनी तिला ओढलं. ती जराही हलली नाही, उलट मी गुडघ्यापर्यंत गेले आणि आत्यानं माझ्या वेणीला धरून मला मागं खेचलं.

"खाली कातळ लागलाय," वहिनी म्हणाली. "आणखी खाली जात नाहीये. पण वर काही येत नाही."

दोघींच्या बळाचं ते काम नव्हतं. बलदंड माणूस लागणार होता. आणि सगळ्या सड्यावरचा सगळ्यात बलदंड माणूस हाकेच्या अंतरावर, उलटा शर्ट घालून, डोळे मिटून बसला होता.

"दादा!" मी ओरडले. "बारक्याभाऊ!"

पलीकडून बारक्याची कुजबुज आली, जी आख्ख्या सड्याला ऐकू गेली. "ओ देऊ नको. नाव घेऊन बोलावतंय."

"अहो, मी चिमी!"

"चिमीचा आवाज काढतंय."

आत्यानं शिट्टी फुंकली. क्लबवाल्यांनी अडीअडचणीला दिली होती.

"शिट्टी!" बारक्या किंचाळला. "रातच्याला शिट्टी माणूस वाजवतं व्हय?"

आत्याचा संयम सुटला. तिनं बारक्याला, त्याच्या आज्याला आणि आज्याच्या आज्याला क्रमानं घेतलं. ते सगळं इथं लिहिता येणार नाही.

"ऐकलंस?" बारक्या हबकून म्हणाला. "हुबेहूब गोदाआत्या. शिव्यांसकट!"

"दादा," मी रडकुंडीला आले, "वहिनी रुतलीय रे!"

आता दादा बोलला. "बारक्या, त्या चकव्याला विचार, पाय खाली टेकलेत का."

"मी? मी नाय विचारणार!"

"टेकलेत," मीच ओरडले. "मांडीपर्यंत आहे, पण आणखी जात नाही."

"बरं," दादा म्हणाला. आणि थांबला. त्याच्या त्या थांबण्याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. "बारक्या, माणूस हाय का भूत, ते ओळखायचं कसं रे?"

बारक्यानं विचार केला. "नाव घ्यायला सांग. नवऱ्याचं. उखाण्यात. हडळीला नवरा कुठला? तिला उखाणा येत नाय."

"येत नाय," गजानं दुजोरा दिला.

"मग सांग तिला," दादा काळोखातून म्हणाला. "नाव घे म्हणावं."

मी वहिनीकडे वळले. बॅटरीच्या उजेडात तिचं तोंड चिखलानं माखलेलं, आणि त्यात दोन डोळे जळत होते.

"तुझ्या दादाला सांग," ती म्हणाली, "इथं मला मुळं फुटली तरी चालतील. नाव घेणार नाही."

"वहिनी, शाळा!"

"घेणार नाही."

"सोमवार," आत्या म्हणाली. नुसतं तेवढंच. आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, भाताच्या रोपावरून फिरवावा तसा.

मग वहिनीनं तोंड वर केलं आणि दात ओठ खात म्हणाली,

"सड्यावरच्या चिखलात रुतले दोन्ही पाय,
विश्रामराव ओ देईनात, सांगू कुणाला काय!"

"वहिनीच हाय!" बारक्या उठला असावा, कारण जमीन हादरली.

"बस खाली," दादा म्हणाला. "हे कुणीही रचेल. चकवा हुशार असतो. आणखी एक घे म्हणावं."

मी दादाला काय काय बोलले ते आठवत नाही. पण वहिनीनं मान कलती केली. घरात भात शिजत आलाय का हे ती झाकण न उघडता, नुसतं ऐकून ठरवायची, तशी ती काळोख ऐकत होती. आणि मग तिच्या आवाजातला राग कुठं गेला कुणास ठाऊक. सावकाश, एकेक शब्द धुक्यात ठेवत तिनं म्हटलं,

"कातळ एवढा टणक, तरी त्याला येतं निळं फूल,
विश्रामराव, पुरे झाली काळोखातली हूल."

पलीकडून हसू आल्यासारखं वाटलं. पण लगेच पावलं वाजली आणि तिघं धुक्यातून बाहेर आले. पुढं दादा. त्याच्यामागं बारक्या आणि गजा, शर्ट उलटे, शिवणी बाहेर, मानेमागची चिठ्ठी बाहेर फडफडतेय.

दादा काठावर पालथा झोपला, अगदी पोट टेकून, आणि दोन्ही हात तिच्या काखेत घातले. बारक्यानं दादाचे घोटे धरले. गजानं बारक्याची कंबर.

"पाय फिरव," दादा तिला म्हणाला. "टाच सोडव आधी. घाई नको."

"फिरवतेच आहे. तुम्ही ओढा."

मी तोंड उघडलं होतं निरोप द्यायला. तो द्यावा लागला नाही.

सड्यानं तिला सोडलं तेव्हा मोठा आवाज झाला आणि सगळे एकमेकांवर पडले. वहिनी दादाच्या छातीवर. तिचा उजवा बूट मात्र सड्यानं ठेवून घेतला. दादानं आपला काढून दिला. तिनं त्यात माझी ओढणी कोंबली आणि पाय घातला.

"पैज आहे अजून," ती त्याच्या तोंडावर म्हणाली.

"हाय की," दादा म्हणाला. "मी कुठं मोडली?"

मग सगळे धावलो. एक बूट घातलेला दादा, मापाचा एक आणि बिनमापाचा एक बूट घातलेली वहिनी, मागं आम्ही. शेवटच्या तंबूपाशी सहाही जण बरोबरच पोचलो. तिथं चष्मेवाली एक पुण्याची मुलगी कंदिलापाशी बसली होती. आमचे नंबर बघून तिनं मान डोलावली, मग पुरुषांकडे वळली.

"काका, तुमचा नंबर दिसत नाहीये."

"आत हाय," बारक्या म्हणाला.

"मग शर्ट सरळ करा ना."

"कोंबडा आरवल्याबिगर नाय करणार."

"काय?"

"चकवा लागलाय आम्हाला. मधेच सुलटा केला तर परत धरतो."

"परत धरतो," गजा म्हणाला आणि आपल्या शर्टाची गळ्याची बाजू मुठीत घट्ट पकडली.

"अहो, पण तो चकवा आम्हीच होतो!" माझ्या तोंडून निसटलं.

बारक्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "असं ते म्हणायला लावतं, बाय."

मुलगी बिचारी काकुळतीला आली. नियम असा, की तिघांचे नंबर दिसल्याशिवाय टीम पुढं सोडायची नाही. ती दादाकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना यांना."

दादानं एक खुर्ची ओढली. बसला. थर्मासमधला चहा ओतून घेतला. "बारक्या म्हणतो ते खरं हाय, ताई. आमच्याकडं हे कडक असतं. आरवेल इतक्यात."

कंदिलाचा उजेड त्याच्या छातीवर पडला होता. त्याचा नंबर लखलखीत, सुलटा, बाहेर. चिखलानं बरबटलेला, पण बाहेर. शिवणी आत, जिथं असायला हव्यात तिथं.

मी बघत राहिले. शर्ट उलटे करा म्हणणारा तोच होता. बसा खाली म्हणणाराही तोच. आत्याची ओवी त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकली होती. बारक्याला ती ओळखू आली नसेल, दादाला येणार नाही?

मी वहिनीकडे वळले. ती आधीच तिथं बघत होती. मला भीती वाटली, ही आता काही बोलते, स्वाभिमानाची आहे, म्हणेल असली शर्यत नको मला. तिनं ओल्या हातानं तोंडावरचे केस मागं सारले.

"चहा गार होतोय तुमचा," ती दादाला म्हणाली. आणि वळून धावत सुटली.

आत्या आणि मी तिच्यामागं. उतार होता, पायांखाली पुन्हा मातीची वाट होती, आणि आत्या गात होती, आता चकव्याच्या नाही, स्वतःच्या गळ्यानं. एकूण शर्यतीत आमचा नंबर कितवा आला ते विचारू नका. कोंडात उतरलो तेव्हा उजाडलं होतं आणि क्लबवाले मांडव सोडायला लागले होते. आई तिथं डबा घेऊन बसली होती. तिनं आमच्या मागं पाहिलं.

"पोरं कुठायत?"

"कोंबड्याची वाट बघतायत," आत्या म्हणाली आणि डबा उघडला.

पुरुष आले ते ऊन पडल्यावर. बारक्याचा नंबर आता बाहेर होता. आईनं दादाला नखशिखान्त पाहिलं, एका पायातल्या बुटासकट.

"हरलास?"

"हरलो."

"सड्यावर? बायकांपुढं?"

"चकवा लागला, आई. त्याला कोण काय करणार?"

आईनं वाघजाईच्या दिशेनं हात जोडले. तिचाही आजा बारक्याच्या आज्याच्याच गावचा.

सोमवारी दादानं बॅग गाडीला बांधली. इतकी घट्ट बांधली, की शाळेत पोचल्यावर दोरी कापावी लागली. संध्याकाळी तो एकटा परत आला, पडवीत बसला आणि उगाच गाडी पुसत राहिला.

"दादा," मी त्याच्यापाशी बसले, "सरळ हो का नाही म्हणालास तेव्हाच?"

त्यानं फडकं पिळलं. "आईला शब्द दिला होता ना. तो गिळता येत नव्हता, चिमे. हरता येत होतं."

"आणि ते दोन दोन उखाणे?"

"ते माझे," तो म्हणाला. "इतके दिवस बोलली नव्हती ती."

शनिवारी शाळा संध्याकाळी सुटायची. दादा तिला आणायला दुपारच्या जेवणाआधीच जाऊन पोचला. वहिनी मैदानावर होती, गळ्यात शिट्टी, समोर पोरींची रांग. हा कुंपणाशी उभा राहिला तर पोरींनी बाईंना विचारलं, हे कोण? वहिनी म्हणाली, हेही धावतात, विचारा त्यांना. मग पोरींनी हाताला धरून त्याला आत ओढलं, रेघेवर उभं केलं आणि मैदानाला एक फेरी मारायला लावली.

चौथीतल्या एका पोरीनं त्याला हरवलं. ह्या वेळी खरोखर.